कित्ता

त्या मंगळवारी ग्रंथपालबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावले आणि दार लावून घेतले. ते दार दमटपणाने फुगलेले होते. आजवर मी ते कधी लागलेले पाहिले नव्हते. बाईंनी खांद्याने रेटून ते लावले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली. तरी रोज दहा ते एक ग्रंथालयात जातो, जुन्या नोंदी पाहतो, झिजलेली सूचीकार्डे पुन्हा लिहून काढतो. या म्हणून कोणी सांगितलेले नाही, आणि नको म्हणूनही कोणी सांगितलेले नाही. अक्षर बारीक म्हणून तिथे मला सगळे मुंगीसर म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्या अर्थी प्रेमानेच म्हणत असावेत.

बाईंनी एक कागद पुढे सरकवला. वर मोठ्या कचेरीचा शिक्का, खाली चारच ओळी. अमुक नावाच्या लेखकाची सर्व पुस्तके कपाटातून काढून वेगळी ठेवावीत, कोणासही देऊ नयेत, आणि सदर लेखकाचा ठावठिकाणा माहीत असल्यास आठ दिवसांत कळवावे.

ते अमुक नाव माझे होते.

खरे सांगायचे तर ते वाचून मला पहिल्या क्षणी बरे वाटले. आपले नाव छापलेले दिसले की बरे वाटतेच. मग मी वरचा शिक्का पुन्हा पाहिला.

"बाई, हे..."

"हळू बोला, सर. बाहेर सगळ्यांचे कान टवकारलेत." त्यांनी कागद घडी करून परत लिफाफ्यात घातला. "तुम्ही आठ दिवस येऊ नका. तब्येत बरी नाही म्हणून सांगते मी."

"पण हा मी नव्हे हो."

"अगदी असंच म्हणा. कोणीही विचारलं तरी असंच." त्या माझ्याकडे फार आदराने पाहत होत्या, आणि त्या आदरानेच माझ्या अंगावर काटा आला. "इतकी वर्षं मी चकार शब्द काढला नाही, सर. आताही काढणार नाही."

तेव्हाच बोलायला हवे होते. मी चष्मा पुसला, मान हलवली आणि घरी आलो. मान हलवणे ही माझी जुनी खोड आहे, आणि या गोष्टीत जे काही झाले ते माझ्या मान हलवण्यामुळेच झाले असे आता वाटते.

या नावाचे आम्ही तीन लेखक. वडिलांची नावे वेगवेगळी आहेत, पण पुस्तकाच्या कव्हरावर वडिलांना कोणी जागा देत नाही. पहिल्याने तीस वर्षांपूर्वी 'शिक्क्यांचा कारखाना' नावाची कादंबरी लिहिली. वाचताना लोक हसत आणि हसून झाल्यावर दाराकडे बघत, अशी ती कादंबरी. हा लेखक कुठे राहतो, काय करतो, कोणालाच माहीत नव्हते. दुसरा मी. माझे 'छत्री विसरण्याचे दिवस' हे चौऱ्याण्णव पानांचे लेखांचे पुस्तक त्याच वर्षी निघाले. तिसरा घड्याळवाला, त्याचे 'घरच्या घरी घड्याळदुरुस्ती' नंतर आले आणि आम्हा तिघांत सर्वांत जास्त खपले.

एका नावाचे दोन लेखक आले की सूचीकाराने त्यांची फारकत करायची असते. नावापुढे कंसात जन्मसाल लिहायचे, ते मिळाले नाही तर व्यवसाय. हा नियम मी किती जणांना शिकवला! घड्याळवाल्याच्या नावापुढे मी स्वतः '(घड्याळे)' असे लिहिले. पण माझी आणि त्या पहिल्याची फारकत मी केली नाही.

दाखल नोंदवहीत एकाखाली एक तेच नाव आले तर ते पुन्हा लिहायचे नाही, खाली 'कित्ता' लिहायचे, अशी आमच्याकडची रीत. माझ्या पुस्तकाची प्रत माझ्या टेबलाच्या खणात तीन आठवडे पडून होती. 'शिक्क्यांचा कारखाना' आल्यावर ती मी ११४१२ क्रमांकाला घातली, आणि लगेच खाली, ११४१३ ला, माझे पुस्तक. लेखकाच्या रकान्यात लिहिले: कित्ता. नाव तेच, तेव्हा चूक कुठेच नव्हती. पण तीन आठवडे का थांबलो होतो, ते मला ठाऊक होते. सगळे गाव ती कादंबरी मागत होते. शेजारी बसायला मिळाले तर माझ्याकडेही कोणी वळेल, असा लोभ.

आणि एक मुलगी वळली. कॉलेजात शिकणारी, केसांना दोन रबरे लावलेली. दोन्ही पुस्तके छातीशी धरून माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "सर, दोन्ही तुमचीच ना? मी कोणाला सांगणार नाही. कारखाना तर मी दोनदा वाचला." तिचे डोळे भरून आले होते. माझ्यासमोर कोणाचे डोळे भरून येण्याची ती पहिलीच वेळ. मी काही बोललो नाही. मान मात्र हलली, आणि ती होकाराची होती की नुसती संकोचाची, हे मलाही सांगता येणार नाही.

तीच मुलगी पुढे आमची ग्रंथपाल झाली.

घरी आल्यावर हिने विचारले, "आज बारालाच? ग्रंथालय बुडालं की काय?"

मी पत्राचे सांगितले, त्या मुलीचेही सांगितले. तीस वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला दोन मिनिटे लागली.

"म्हणजे तुम्ही हो म्हणालात तिला?"

"म्हणालो नाही. मान हलवली."

"आयुष्यभर तेच केलंत," ही म्हणाली. "माझ्या वडिलांनी मुलगी पसंत आहे का विचारलं तेव्हाही नुसती मान हलवलीत. अजून ठरलेलं नाही माझं, ती हो होती की मानेला लचक भरली होती." पण हसताना तिने उठून दाराची कडी घातली. दुपारी आम्ही कधी कडी घालत नाही.

संध्याकाळी मी घड्याळवाल्याकडे गेलो. जुन्या छापखान्याच्या गल्लीत त्याचे दुकान आहे, दोन माणसे उभी राहिली की भरते. भिंतीवर वरपासून खालपर्यंत घड्याळे. तो डाव्या कानाने बहिरा, म्हणून त्याच्या उजव्या बाजूलाच उभे राहायचे. आमची ओळख नावावरूनच झाली होती, आणि त्याने तेव्हापासून एक थट्टा चालवली होती. आम्ही एकमेकांना 'मी' म्हणत असू.

"या मी, या!" तो डोळ्यावरचे भिंग न काढता म्हणाला. "मी कसा आहे?"

"मी घाबरलाय," मी म्हणालो.

सगळे ऐकून घेतल्यावर त्याने भिंग काढले. "माझ्या पुस्तकात राज्य उलथून टाकण्यासारखं काय आहे? स्प्रिंग? आणि तुझ्यात तर काहीच नाही, मी वाचलंय. छत्री हरवते आणि सापडते."

"हरवते. सापडत नाही."

"बघ, लेखकालाच जास्त आठवतं." तो हसला. मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाला, "अरे, नावाला कोणी पकडतं का? माणूस पकडतात. माणूस बघितला की सोडतात. तू तर असा आहेस की तुला बघून पोलीसच माफी मागेल."

मी हसलो, पण माझा हात काउंटरवर थरथरत होता. त्याने एक लहान स्क्रू त्या थरथरीतून बाजूला काढून ठेवला.

गुरुवारी चार वाजता तपासनीस आमच्या घरी आला. एकटाच. चाळिशीचा, सडपातळ, नाक सर्दीने लाल झालेले. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी मोठे होते. बसण्याआधी त्याने परवानगी मागितली.

"घाबरू नका, काका. मी घाबरवायला आलेलो नाही. ते काम दुसऱ्यांकडे असतं."

हिने गरम पाणी आणून दिले. "वाफ घ्या रात्री," ती म्हणाली. "अशी सर्दी अंगावर काढू नये."

"आईही हेच म्हणते," तो म्हणाला आणि वर्तमानपत्र सोडले. आत आमची दाखल नोंदवही होती. माझ्या घरात, माझ्या टेबलावर ती वही पाहून मला कोणी आपले कपडे चव्हाट्यावर वाळत घातल्यासारखे झाले. त्याने खूण घातलेले पान उघडले आणि ११४१३ वर बोट ठेवले. नख स्वच्छ कापलेले होते.

"हे मुंगीचं अक्षर तुमचं?"

"हो."

"इथे काय लिहिलंय?"

"कित्ता."

"म्हणजे?"

"वरीलप्रमाणे."

"वर कोण आहे?"

मी नाव वाचले. माझेच नाव, माझ्याच घरात, परक्यासारखे.

"म्हणजे हे दोघं एकच."

"नाही, नाही. कित्ता नावाला लागतो, माणसाला नाही. वरचं नाव खालीही तेच, एवढाच त्याचा अर्थ."

"असं कुठे लिहून ठेवलंय?"

कुठेच नव्हते. ज्याला कळायचे त्याला कळते, म्हणून कोणी लिहिलेच नव्हते.

"आमच्या कचेरीत कित्ता म्हणजे तोच," तो नाक पुसत म्हणाला. "आणि एका नावाचे दोन असले तर तुमच्यात फारकत करायची पद्धत आहे ना? मी वाचून आलोय. घड्याळांच्या पुस्तकावर केलीय तुम्ही, कंसात. मग इथे का नाही केली?"

"चूक झाली," मी म्हणालो.

"तीस वर्षांत एवढी एकच चूक सापडली मला या वहीत. ती नेमकी तुमच्याच पुस्तकावर." तो हसला नाही, रागावलाही नाही. "बरं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे या नावाचे एकूण किती?"

"तीन."

हा शब्द तोंडातून निघाला तेव्हा मला चक्क हलके वाटले. कोणीतरी नेमका प्रश्न विचारला होता आणि मला नेमके उत्तर येत होते. चाळीस वर्षे मी तेच करत आलो. अर्धवट नोंद मला ठेवता येत नाही.

"तिसरे कुठे असतात?"

"जुन्या छापखान्याच्या गल्लीत. शिंप्याच्या शेजारी. तो घड्याळवाला, त्याचा याच्याशी काही..."

आत हिच्या हातून भांडे पडले. बहुधा मुद्दामच पाडले. पण तोपर्यंत पत्ता देऊन झाला होता.

त्याने लिहून घेतले. "घड्याळवाले. हं. हे नाव दुसरीकडूनही कानावर आलंय." वही परत वर्तमानपत्रात गुंडाळली, गरम पाण्याबद्दल हिचे आभार मानले आणि गेला.

ही बराच वेळ दारात उभी होती. मग म्हणाली, "घड्याळवाल्यांचा पत्ता त्याने मागितला होता का हो?"

"हो. मागितला."

"नाही. 'कुठे असतात' असं विचारलं. 'मला माहीत नाही' हे उत्तर नव्हतं का त्याला?"

होते. मला सुचले नाही. यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. भीतीने सुचले नाही, की मी नाही, तो घ्या, असे आतून कोणी म्हणत होते? मला अजून ठरवता आलेले नाही, आणि ठरू नये असेही वाटते.

शुक्रवारी गल्लीत गेलो तर दुकानाचे शटर खाली. आतून टिकटिक ऐकू येत होती. इतकी घड्याळे एकदम, कोणी नसताना, चालू होती. शेजारच्या शिंप्याने मशीन थांबवले आणि मला खुणेने आत घेतले.

"सकाळी दोघं आले. गिऱ्हाईक समजून हा हसत बाहेर आला. नाव विचारलं. म्हणाला, हो, पण या नावाचा मी एकटाच नाही, अजून एक आहे. त्यांनी विचारलं, कोण दुसरा, कुठे राहतो? तर म्हणतो, 'तोही मीच.'" शिंप्याने कपाळावर हात मारला. "पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. 'तोही मीच आहे हो.' अशा वेळी कोणी चेष्टा करतं का, तुम्हीच सांगा? एकाने कानाखाली वाजवली. तीही चांगल्या कानाखाली."

ती चेष्टा नव्हती. मार खाऊनही त्याने माझा पत्ता दिला नव्हता, आणि मी त्याचा गल्लीसकट दिला होता.

शनिवारी मी पुन्हा गेलो, रविवारी पुन्हा. कशासाठी, ते सांगता येत नाही. शटरला कान लावून उभा राहायचो. त्यातली काही घड्याळे रोज चावी लागणारी, काही आठ दिवसांची. शनिवारी दुपारी बाराचे ठोके मागेपुढे पुष्कळ पडले. रविवारी कमी. माझ्या कानांवर माझा भरवसा नाही, पण मी मोजले, सात घड्याळांनी ठोके दिले. घरी जिन्यात पाऊल वाजले की माझे हातातले काम थांबे. दूधवाला आला तरी मी उठून आतल्या खोलीत जाई. ही दार उघडण्याआधी "कोण?" असे मोठ्याने विचारी, मला ऐकू जावे म्हणून. याआधी ती असे कधी विचारत नसे.

सोमवारी मी ग्रंथालयात गेलो. बाई मला पाहून पांढऱ्या पडल्या. त्यांनी पुन्हा ते दार रेटून लावले.

"सर, नका ना येऊ! आता सगळं मिटतंय. घड्याळवाल्यांना नेलंय."

"म्हणूनच आलो." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. "बाई, 'कारखाना' माझी नाही. कधीच नव्हती. माझं फक्त छत्रीचं."

त्या आधी हसल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून हळूहळू हसायच्या थांबल्या.

"पण तुम्ही तेव्हा... मी विचारलं होतं. तुम्ही हो म्हणाला होतात."

"मान हलवली होती. फार बरं वाटलं मला. कोणी तसं कधी म्हणालं नव्हतं. नंतर सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं," त्या म्हणाल्या. खुर्चीवर बसल्या. बराच वेळ त्या टेबलावरची टाचणी उचलत होत्या आणि ठेवत होत्या. "ते माझ्याकडे बुधवारी आले होते, सर. तुमच्याकडे यायच्या आधी. कारखाना कोणी लिहिली म्हणून विचारलं. मी म्हणाले, घड्याळवाल्यांनी."

मी समोरच्या खुर्चीत बसलो.

"मला वाटलं, तुम्हाला वाचवतेय. घड्याळवाले काय, दोन दिवसांत सुटतील. त्यांच्याकडे बघूनच कळतं की ते... पण तुम्ही खरे होतात ना! खरा सापडला तर सुटत नाही." त्यांनी टाचणी घट्ट धरली. "मी एका माणसाचं नाव घेतलं, सर. तुमच्या एका मानेवर."

त्या रडल्या असत्या तर मला सोपे गेले असते. पण त्यांनी डोळे कोरडे ठेवून माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत आता आदराचा लवलेश नव्हता. तो आदर माझा कधी नव्हताच, तरी तो गेल्यावर मला थंडी वाजली.

"आता काय करायचं?" त्यांनी विचारले.

मी मान हलवली नाही. "कारखान्याची प्रत कुठे आहे?" असे विचारले.

त्यांनी ती स्वच्छतागृहाच्या माळ्यावर, जुन्या पंख्याच्या खोक्यात लपवली होती. माझ्यासाठी.

मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर मी हिला सांगितले. मला वाटले होते ती अडवील. खोटे कशाला बोलू, अडवावे असेच वाटत होते. तिने पिशवी काढली. त्यात गोळ्या, स्वेटर, दुसरा चष्मा घातला. मग गोळ्या काढून मोजल्या आणि अजून एक पट्टी घातली.

"दुसऱ्याचं पुस्तक आपलं म्हणणं ही चोरीच झाली," मी म्हणालो.

"तीस वर्षांपूर्वी झाली. आता नुसती कबुली." तिने कोपऱ्यातली छत्री माझ्या हातात दिली. "ही विसरू नका. घेऊन परत या."

"आभाळ तर स्वच्छ आहे."

"मी आभाळाचं बोलत नाहीये," ती म्हणाली आणि वळून भांडी घासायला लागली. भांडी तिने सकाळीच घासली होती.

ती कचेरी बाहेरून एखाद्या शाळेसारखी दिसते. आत लांब बोळ आहे, हिरव्या रंगाने अर्ध्यापर्यंत रंगवलेला, आणि बाके. बोळात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो, तिसऱ्यांदा दारावरच्या शिपायाने विचारले, "आजोबा, काही हरवलंय का?" म्हणून आत जावे लागले. तेही धैर्याने नव्हे.

तपासनिसाची सर्दी अजून होती. त्याने मला बसवले. मी कादंबरी टेबलावर ठेवली.

"ही माझी."

"गुरुवारी नाही म्हणालात."

"गुरुवारी घाबरलो होतो."

"आणि आज?"

"आज जास्त घाबरलोय," मी म्हणालो. "म्हणून आलो."

त्याने पुस्तक उचलले नाही. "घड्याळवाल्यांना मी विचारलं, तुमच्या पुस्तकाचं पहिलं वाक्य सांगा. ते म्हणाले, 'प्रथम घड्याळ भिंतीवरून अलगद उतरवून घ्यावे.'" त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. "तुमचं सांगा."

"'आमच्या कारखान्यात शिक्के बनत, मात्र शिक्के बनवण्याची परवानगी देणारा शिक्का अजून बनायचा होता.'"

"पुढे?"

मी पुढे म्हणत गेलो. एक पान, दीड पान. प्रेमाने वाचलेले पुस्तक विसरते, पण जे पुस्तक तीस वर्षे जळफळत वाचले ते जन्मभर पाठ राहते. म्हणताना माझा आवाज सुधारला. एका ठिकाणी मी एक शब्द बदललासुद्धा, कारण तो मला नेहमीच खटकत आला होता. त्याने तो पुस्तकात शोधला, तिथे वेगळा शब्द पाहिला आणि माझ्याकडे पाहिले.

"इथे दुसरा शब्द आहे."

"तेव्हा चुकला होता," मी म्हणालो.

त्याने पुस्तक मिटून ठेवले. भिंतीवरचे घड्याळ मला ऐकू येत होते. त्याला खरे कळले होते, असे मला आजही वाटते. पण मला पुष्कळदा पुष्कळ काही वाटते.

"काका, मला एक लेखक लागतो," शेवटी तो म्हणाला. "दोन नकोत. दोन झाले की कागद वाढतात." त्याने घंटी वाजवली आणि आत आलेल्या माणसाला घड्याळवाल्याला सोडायला सांगितले. मग मला एक निवेदन लिहायला दिले. मी ते बारीक अक्षरात लिहिले आणि सही केली. ती सही खोटी नव्हती. नाव तर तेच होते.

बोळाच्या टोकाला लोखंडी दार आहे. त्याच्या अलीकडे एक कारकून मोठी वही घेऊन बसतो. मला तिथे उभे केले, तेवढ्यात आतून घड्याळवाला आला. ओठ सुजलेला, पायात चपला नाहीत, दाढी वाढलेली. मला बघून त्याचा चेहरा उजळला.

"अरे मी! तू इथे कसा?"

"तुला न्यायला आलो," मी म्हणालो.

"काय?" त्याने उजवा कान हाताने पुढे केला. आता तोही नीट चालत नव्हता. मला सगळ्या बोळाला ऐकू जाईल असे पुन्हा म्हणावे लागले.

"मग चल की!"

"तू हो पुढे. माझं थोडं लिहायचं राहिलंय. आणि ही छत्री हिला दे. इथे आत नेऊ देत नाहीत म्हण."

तो छत्रीकडे पाहत राहिला, मग माझ्या पिशवीकडे, मग लोखंडी दाराकडे. तो घड्याळे दुरुस्त करणारा माणूस. काय कुठे अडकले आहे ते त्याला बघून कळते. तो काही म्हणणार होता, पण शिपायाने त्याच्या पाठीला हात लावला.

"तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे," तो जाता जाता कारकुनाला म्हणाला. आवाज फुटला होता.

"असू दे," कारकून म्हणाला. त्याने वहीत एका ओळीच्या शेवटच्या रकान्यात पाच वीस असे लिहिले. मग पेन खालच्या ओळीवर आणले.

"नाव?"

मी सांगितले. त्याने मान वर केली, वरची ओळ वाचली, माझ्याकडे पाहिले.

"तेच?"

"नाव तेच," मी म्हणालो.

नावाच्या रकान्यात त्याने कित्ता लिहिले. अक्षर गचाळ होते, त्याने 'त्ता' नीट जोडलाही नाही. सोबतच्या वस्तू: पिशवी, चष्मे दोन, गोळ्या. आत घेतल्याची वेळ: पाच एकवीस. मी उलट्या बाजूने सगळे वाचत होतो, सवयीने. कुठे काही चुकतेय का, हे पाहत होतो. शेवटचा रकाना बाहेर सोडल्याच्या वेळेचा होता. त्याच्या वरच्या ओळीत शाई अजून ओली होती.

मी वाट पाहत राहिलो. त्या रकान्यात मात्र त्याने कित्ता लिहिले नाही.